ज्युझेप्पे: एका इटालियन नावाचं मूळ आणि मराठी तोंडातला उच्चार

प्रश्न असा आला आहे: "आमच्या वाचक मंडळात इटलीच्या एकीकरणाचा नेता मॅझिनी याच्यावर कार्यक्रम आहे. त्याचं पहिलं नाव तिघांनी तीन तऱ्हांनी वाचलं. एक म्हणाला 'गिउसेपे', दुसरी म्हणाली 'जिउसेप' आणि तिसऱ्याने सरळ 'जोसेफ' म्हणून टाकलं. मराठी पुस्तकावरही जोसेफच छापलंय. खरं कोणतं? नावाचा अर्थ काय? आणि पत्रिकेवर देवनागरीत काय छापायचं?"

मी गेली बावीस वर्षं इटालियन शिकवते आणि त्या भाषेतून मराठीत अनुवाद करते. पहिल्या दिवशी फळ्यावर जी नावं लिहिते त्यांत हे नाव असतंच, कारण इटालियन वाचनाचे निम्मे नियम या एका नावात सापडतात. आधी उत्तर देते: उच्चार 'ज्युझेप्पे'. तीन अक्षरं: ज्यु, झेप्, पे. जोर मधल्या 'झेप्'वर.

आता सावकाश पाहू, कारण नुसतं 'ज्युझेप्पे' वाचूनही मराठी माणूस दोन ठिकाणी घसरतो.

रोमन लिपीत हे नाव जी, आय, यू, एस, ई, पी, पी, ई असं लिहितात. 'गिउसेपे' आणि 'जिउसेप' या दोन्ही वाचनांचं मूळ त्या दुसऱ्या अक्षरात, आयमध्ये आहे. इटालियनमध्ये जीनंतर ए, ओ किंवा यू आला तर त्याचा ग होतो. ज हवा असेल तर मध्ये एक आय घालतात. या आयचं काम एवढंच, की शेजारच्या जीला ग न होऊ देता ज करायचं. तो स्वतः उच्चारला जात नाही. म्हणून जिउ नाही, नुसता जु. हा एक नियम कळला की कितीतरी नावं सरळ होतात. आपल्या वर्तमानपत्रांत 'जिओर्जिओ' छापून येतो तो खरा जॉर्जो, 'जिओवानी' म्हणजे जोवान्नी, 'जियाकोमो' म्हणजे जाकोमो. इटलीच्या पंतप्रधान मेलोनीबाईंचं पहिलं नाव जॉर्जा आहे, जॉर्जिया नाही. लुईजी या नावात मात्र शेवटी आय एकटाच आहे, पुढे दुसरा स्वर नाही, म्हणून तिथे ई ऐकू येते.

मराठी माणसाची पहिली घसरगुंडी इथेच आहे. आपल्या ज-चे दोन उच्चार आहेत आणि लिहिताना आपण फरक दाखवत नाही. 'जून महिना' आणि 'जून भेंडी' ही जोडी मोठ्याने म्हणून पाहा. महिन्यातला ज टाळूवरचा, भेंडीतला ज दातांमागचा. इटालियन नावाला महिन्यातला ज हवा. नुसतं 'जुझेप्पे' लिहिलं तर अर्धे लोक तो 'जुना'मधल्या जसारखा वाचतात, आणि त्यांचा दोषही नसतो, कारण मराठीत उ-च्या आधीचा ज बहुतेक वेळा तसाच येतो. म्हणून मी 'ज्यु' लिहिते. ज्यूस, ज्युरी हे शब्द आपण वाचतो तेव्हा य वेगळा म्हणत नाही, फक्त ज टाळूवर जातो. इथेही तेच अपेक्षित आहे. काहीजण 'ज्यु'ला आक्षेप घेतात, की मूळ भाषेत य नाही. खरं आहे, नाहीच. पण देवनागरी लेखन हे मराठी वाचकासाठी असतं, आणि मराठी वाचकाची जीभ योग्य जागी नेणारं लेखन मला जास्त बरोबर वाटतं.

दुसरी घसरगुंडी झ-ची. 'झेप्' हे अक्षर डोळ्यांना 'झेप घेणे'मधल्या झेपेसारखं दिसतं आणि जीभ आपोआप तसा महाप्राण झ काढते. इथला झ तो नव्हे. तो झेरॉक्समधला, झेब्रातला झ, श्वासाचा धक्का नसलेला. दोन स्वरांच्या मध्ये आलेला एस प्रमाण इटालियनमध्ये अनेक शब्दांत असा घोष, म्हणजे घशात कंप असलेला, होतो, आणि या नावात तो तसाच आहे. नेपल्सच्या किंवा सिसिलीच्या माणसाकडून मात्र तुम्हाला 'ज्युसेप्पे' ऐकू येईल. दक्षिणेत तो एस आपल्या स-सारखाच राहतो. तिथल्या माणसाला कोणी 'तुझं नाव तू चुकीचं उच्चारतोस' असं सांगू नये. पण आपण बाहेरून शिकणाऱ्यांनी शब्दकोशातलं रूप धरावं, म्हणजे झ.

झेमधला ए आपल्या ए-पेक्षा थोडा उघडा आहे. तोंड जरासं जास्त उघडायचं, पण 'ॲ'पर्यंत जायचं नाही. हे एवढं जमलं नाही तरी कोणाचं बिघडत नाही.

बिघडतं ते प्प-मध्ये. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा दुहेरी प जमत नाही. शेवटचा ए-सुद्धा ते ई करून टाकतात आणि 'जुसेपी' म्हणतात. आपल्याकडे हे सगळं घरचंच आहे. गप्पा, बाप्पा, चप्पल, कप्पा. वर्गात मी विद्यार्थ्यांना 'गप्पा' म्हणायला लावते आणि सांगते, आता ओठांकडे लक्ष द्या. पहिल्या प-ला ओठ मिटतात, क्षणभर मिटलेलेच राहतात, मग सुटतात. तो मिटलेला क्षण म्हणजेच द्वित्त. मग 'गप्पे', मग 'झेप्पे', मग अख्खं नाव. पाच मिनिटांत वर्ग इतका सुरेख म्हणतो, की मला दरवेळी नव्याने आनंद होतो. इटालियनमध्ये या द्वित्ताने अर्थ बदलतो. 'पापा' म्हणजे पोप आणि 'पाप्पा' म्हणजे बाळाची मऊ पेज, 'सेते' म्हणजे तहान आणि 'सेत्ते' म्हणजे सात. आपल्या कला आणि कल्ला, गडी आणि गड्डी यांच्यासारखंच. ज्या भाषेत हा फरक जन्मापासून कानावर पडतो, त्या भाषेच्या माणसाने इंग्रजांच्या वाटेने जाऊन 'जिउसेप' म्हणावं, याची मला खरोखर हळहळ वाटते.

आता मूळ आणि अर्थ. नाव हिब्रू आहे: योसेफ. मराठी बायबलमध्ये ते अगदी याच रूपात येतं. उत्पत्तीच्या तिसाव्या अध्यायात राहेलला कित्येक वर्षांनी मूल होतं, आणि तिच्या तोंडी दोन क्रियापदांचा खेळ आहे. एक 'आसाफ', म्हणजे काढून घेतलं: देवाने माझी अप्रतिष्ठा काढून घेतली. दुसरं 'योसेफ', म्हणजे तो भर घालो: परमेश्वर मला आणखी एक मुलगा देवो. त्यामुळे नावाचा अर्थ 'तो वाढवील', 'तो आणखी देईल'. जुन्या करारातला हा याकोबाचा मुलगा आणि नव्या करारातला मरियेचा पती, सुतारकाम करणारा योसेफ, या दोघांनाही इटालियन माणूस ज्युझेप्पेच म्हणतो.

हिब्रूतून हे नाव ग्रीकमध्ये गेलं, ग्रीकमधून लॅटिनमध्ये, आणि लॅटिनमध्ये त्याची दोन रूपं नांदली. पंडितांचं 'योसेफुस' आणि लोकांचं 'योसेप्पुस'. फचा प का झाला? ग्रीकमधलं ते अक्षर जुन्या काळी आपल्या 'फळ'मधल्या फसारखं महाप्राण होतं, आणि लॅटिन बोलणाऱ्या सामान्य माणसाकडे तसा ध्वनी नव्हता. त्याने आपला जवळचा प घेतला. ग्रीक 'कोलाफोस'चा इटालियन 'कोल्पो' झाला, म्हणजे फटका, तो याच वाटेने.

सुरुवातीच्या यचा ज कसा झाला, हे समजायला मराठी वाचकाला इटलीला जावंच लागत नाही. यात्रेची जत्रा झाली, योगीचा जोगी झाला, तसंच तिकडे घडलं. लॅटिन 'योहान्नेस'चा जोवान्नी, 'युलियुस'चा जुल्यो, आणि 'युवेनिस' म्हणजे तरुण, त्याचा 'जोवाने'. हा शेवटचा लॅटिन शब्द आपल्या युवनचा सख्खा चुलत भाऊ आहे, आणि आपल्याकडच्या 'जवान'चं मूळ फारसी असलं तरी तोही त्याच कुळातला. यचा ज होणं ही जिभेची सवय आहे, तिने प्राकृतात आणि इटालियनमध्ये स्वतंत्रपणे तेच काम केलं. 'यो'मधल्या ओचा उ झाला, कारण जोर त्याच्यावर नव्हता. जुन्या इटालियनमध्ये ओ टिकलेली रूपंही दिसतात. सोळाव्या शतकातला थोर संगीतशास्त्रज्ञ त्सार्लीनो आपलं पहिलं नाव 'जोसेफ्फो' लावत असे. व्हेनिसकडे 'इझेप्पो' असंही एक रूप होतं.

हे नाव इटलीत पहिल्यापासून घरोघरी होतं असं मात्र समजू नका. मध्ययुगात जोवान्नी, पिएत्रो, फ्रांचेस्को यांची चलती होती. संत योसेफाची भक्ती हळूहळू वाढली. १६२१ साली त्याचा १९ मार्चचा सण सगळ्या कॅथलिक चर्चला पाळणं बंधनकारक झालं, आणि १८७० साली पोप नववे पायस यांनी त्याला साऱ्या चर्चचा पालक संत ठरवलं. नाव लोकप्रिय होत गेलं ते या काळात. त्यात दक्षिणेतली एक पद्धत अशी, की पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायचं. आपल्याकडेही आजोबांचं नाव नातवाला ठेवत, त्यामुळे हे समजावून सांगायला नको. एकदा घरात ज्युझेप्पे आला, की दर दुसऱ्या पिढीला तो परत येणारच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतल्या मुलांचं हे सर्वांत जास्त ठेवलं जाणारं नाव होतं. १९ मार्च हा इटलीत आजही वडिलांचा दिवस आहे. नेपल्सला त्या दिवशी 'त्सेप्पोले' खातात: तळलेलं किंवा भाजलेलं कडं, वर पिवळसर दुधाळ क्रीम आणि एक काळसर आंबटगोड चेरी. १९७७पर्यंत त्या दिवशी सरकारी सुट्टीही असे.

आता तुमच्या मॅझिनीकडे येऊ. एकोणिसाव्या शतकातल्या इटलीची तीन सर्वांत मोठी नावं घ्या: मॅझिनी, सेनानी गॅरिबाल्डी आणि संगीतकार व्हेर्दी. तिघेही ज्युझेप्पे. आणखी एक योगायोग आहे, तो मला फार बोलका वाटतो. तिघेही जन्मले तेव्हा त्यांची गावं नेपोलियनच्या फ्रान्सच्या ताब्यात होती. मॅझिनी १८०५ साली जेनोव्हात, गॅरिबाल्डी १८०७ साली नीसमध्ये, व्हेर्दी १८१३ साली बुस्सेतोजवळच्या ले रोंकोले या खेड्यात. व्हेर्दीच्या जन्माची नोंद सरकारी कारकुनाने फ्रेंचमध्ये केली: 'जोझेफ फॉर्च्युनँ फ्राँस्वा'. यावरून कधीकधी कोणी म्हणतं, की त्याचं 'खरं' नाव जोसेफच. हे बरोबर नाही. ती राज्यकर्त्यांच्या भाषेतली नोंद आहे. त्याच्या आईवडिलांचं, गावाचं आणि त्याने आयुष्यभर स्वतः लावलेलं नाव ज्युझेप्पे. पुढे इटलीच्या एकीकरणाची चळवळ झाली, तिच्यात ही तीन माणसं उभी होती, तेव्हा या नावाचं इटालियनपण काही किरकोळ गोष्ट राहत नाही.

मग मराठी पुस्तकावर 'जोसेफ मॅझिनी' कसं आलं? सावरकरांनी लंडनमध्ये असताना मॅझिनीचं आत्मचरित्र आणि राजकारण मराठीत आणलं, आणि १९०७ साली ते महाराष्ट्रात प्रसिद्ध झालं. त्यांच्या हाती मॅझिनीच्या लेखनाचे इंग्रजी खंड होते. मॅझिनी स्वतः कित्येक वर्षं लंडनमध्ये निर्वासित म्हणून राहिला होता आणि इंग्रजांनी त्याला जोसेफ करून टाकलं होतं. ते इंग्रजी रूप तसंच मराठीत उतरलं. 'मॅझिनी'चंही तेच. इटालियनमध्ये हे आडनाव 'मात्सीनी' असं उच्चारतात, त-वर थोडं थांबून. हा त्स आपल्या 'चांगला'मधल्या चला अगदी जवळचा आहे. पण 'ची' लिहिलं की आपण तो 'चिमणी'सारखा वाचतो, म्हणून त्सी लिहावं लागतं. गंमतीची गोष्ट अशी, की या माणसाच्या नावात जिथे एस लिहिलाय तिथे झ म्हणायचा, आणि आडनावात जिथे दोन झेड लिहिलेत तिथे झ मुळीच म्हणायचा नाही. सीरीस हा पहिला लघुग्रह १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोहून शोधणारा खगोलशास्त्रज्ञही ज्युझेप्पेच, आणि त्याचं आडनाव याच नियमाने 'प्यात्सी'. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात १९२५च्या सुमारास शिकवायला आलेले तिबेटविद्येचे पंडित ज्युझेप्पे तुच्ची, यांना मी 'टक्सी' आणि 'टुक्की' अशा दोन्ही नावांनी छापलेलं पाहिलंय.

घरात हे लांबलचक नाव कोणी वापरत नाही. तोस्कानात आणि उत्तरेत बेप्पे, व्हेनिसकडे बेपी, दक्षिणेत पेप्पे, पेप्पीनो, पीनो, आणि कुठेही पिप्पो. मॅझिनीला त्याचे जवळचे लोक पिप्पो म्हणत. कार्यक्रमात हे जरूर सांगा, त्या गंभीर, काळ्या पोशाखातल्या माणसाकडे लोक निराळ्या नजरेने पाहतील. लाकडाच्या पिनोक्क्योला घडवणारा म्हातारा जेप्पेत्तो, तोही ज्युझेप्पेच: आधी जेप्पो, मग लाडाने जेप्पेत्तो. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याला इटालियन लोकांनी 'चेक्को बेप्पे' केलं. फ्रांचेस्कोचा चेक्को आणि ज्युझेप्पेचा बेप्पे, म्हणजे बादशहाला गल्लीतल्या पोराच्या नावाने हाक. मुलींसाठी ज्युझेप्पीना, तिची पीना.

स्पॅनिशमधल्या 'पेपे'बद्दल एक कथा नेहमी सांगतात, की संत योसेफाच्या चित्राखाली 'मानलेला पिता' या अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांची आद्याक्षरं, दोन पी, लिहीत आणि त्यावरून पेपे आलं. ऐकायला छान आहे, पण लोकांनी मागाहून जुळवलेली आहे. बाळबोलीत अक्षरं दुहेरी होतात. बेप्पे, पेप्पे, पिप्पो ही त्याच सवयीची लेकरं. आपल्या अप्पा, दादा, काकांची घडण यांहून वेगळी नाही.

याच नावाची एक शाखा आपल्या अगदी दारात आहे, आणि ती मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत प्रिय आहे. पोर्तुगीजांबरोबर हे नाव गोव्यात आलं. पोर्तुगीज लोक लिहितात 'जोसे' असं, पण जोर नसलेल्या ओचा ते उ करतात आणि मधल्या एसचा झ. कोकणीत त्याचं 'जुझे' झालं. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले आणि श्रीलंकेत धर्मकार्य केलेले जोसेफ वाझ, ज्यांना १४ जानेवारी २०१५ रोजी संतपद मिळालं, त्यांना गोव्यात 'सां जुझे वाझ' म्हणतात. आता 'जुझे' आणि 'ज्युझेप्पे' शेजारी ठेवून पाहा. इटलीच्या दक्षिणेत कोणी लांबून हाक मारतं तेव्हा नावाचं शेपूट तुटतं आणि जोराच्या अक्षरावर आवाज थांबतो: 'ज्युसे!' मडगावच्या बाजारात ती हाक ऐकली तर कोणी ना कोणी जुझे मागे वळून पाहीलच. कोकणातल्या मराठीभाषक बेने इस्रायली समाजाने मात्र हे नाव घेतलं ते जोसेफ या रूपात. हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणणारे मुंबईचे जोसेफ इझिकेल राजपूरकर, जन्म १८३४, हे त्यांतले. अरबी-फारसीच्या वाटेने तेच नाव युसूफ होऊन आलं, आणि १९४२ साली मुंबईचे महापौर झालेले युसूफ मेहेरअली आपल्याला ठाऊक आहेत. तेव्हा योसेफ, जोसेफ, युसूफ, जुझे या चारही भावंडांना मराठी माणूस नीट हाक मारतो. पाचवं अवघड जायचं काही कारण नाही.

राहता राहिली पत्रिका. 'ज्युझेप्पे मात्सीनी' असं ठळक छापा आणि खाली बारीक अक्षरांत 'मराठी वाचकांना परिचित जोसेफ मॅझिनी' असं द्या. सावरकरांच्या पुस्तकाचं नाव येईल तिथे मात्र 'जोसेफ मॅझिनी'च ठेवा. ग्रंथाचं नाव आपण सुधारत नाही, आणि १९०७च्या मराठी वाचकाने ज्या नावाने त्या माणसावर प्रेम केलं ते नावही जपायला हवं. निवेदकाला सांगा, की आदल्या रात्री 'जून महिना, झेरॉक्स, गप्पे' हे तीन शब्द दहा वेळा म्हणावेत, मग पहिल्यातला जु, दुसऱ्यातला झे आणि तिसऱ्यातला प्पे जोडावा, आणि ओठ त्या प्प-वर क्षणभर मिटू द्यावेत.